वकीलकाकांना विचारा : सुनेनं तोंडाला कुलूप का लावलंय?

बडोद्यातल्या मराठी घरांमधून आता घरटी एक तरी पोर अमेरिकेत, त्यामुळे या सदरात सातबारा आणि सोसायटीच्या एनओसीच्या जोडीला अधूनमधून तिकडचा कायदा पण येऊन बसतो. या वेळी ग्रँड ज्युरीवर एकदम गठ्ठाच आला, एकीनं मैत्रिणीला सांगितलं असणार आणि तिनं तिसरीला, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, मांजलपूरच्या सामाईक भिंतीवाल्या भाऊंनी जरा धीर धरावा. मी तिकडचा वकील नाही, सुरसागरकाठच्या न्यायमंदिरात उभं राहून केस पांढरे केलेला माणूस, तेव्हा तिकडे खरंच काही अडलं असेल तर तिथल्याच वकिलाला फी द्या. तिथे काय चालतं आणि का चालतं एवढं मात्र सांगतो.

प्रश्न : काका, मुलगा आणि सून न्यू जर्सीला असतात. सुनेला सिटिझनशिप मिळाली आणि थोड्याच दिवसांत फेडरल कोर्टाचं पत्र आलं की तुम्ही ग्रँड ज्युरीत. आता ती ठरलेल्या दिवशी नेवार्कला जाते, दिवसभर बसते आणि घरी आली की एक अक्षर नाही. मुलाला पण नाही! मी व्हिडिओ कॉलवर सहज विचारलं, काय गं, खून-बिन आहे का कुणाचा, तर म्हणाली आई, हे सोडून काहीही विचारा. त्यात माझी नणंद तिकडेच राहते, ती म्हणते आमच्या ओळखीतल्या एका मोटेलवाल्याची चौकशी चाललीये, ती हिच्याकडेच असेल, विचार ना जरा. नवऱ्यापासून लपवायला लावणारी ही कसली शपथ? आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, हिनं बायबलवर हात ठेवला असेल का? मला विचारायची पण चोरी झालीये. (दांडिया बाजार)

उत्तर : वहिनी, सून बरोबर वागतेय, आणि तुमच्या नणंदबाईंचा प्रश्न तिच्यापर्यंत चुकूनही पोचवू नका. का ते पुढे येतंच.

आधी ही ग्रँड ज्युरी काय ते बघू. पिक्चरमध्ये बारा माणसं एका बाजूला बसलेली असतात आणि शेवटी एकजण उठून दोषी की निर्दोष सांगतो, ती ही नव्हे, ही त्याच्या कितीतरी आधीची. सरकारी वकिलाला एखाद्यावर गंभीर गुन्ह्याचा खटला भरायचा असेल तर अमेरिकेच्या घटनेची १७९१ सालची पाचवी दुरुस्ती म्हणते, आधी साध्या नागरिकांच्या ग्रँड ज्युरीला पटवा. फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात तिच्यात १६ ते २३ जण असतात आणि त्यातल्या कमीत कमी १२ जणांनी हो म्हटलं तरच आरोपपत्र निघतं. गुन्हा सिद्ध झाला का हा प्रश्नच तिथे नसतो, खटला भरावा इतपत कारण दिसतंय का एवढंच बघायचं. त्या खोलीत जज बसत नाही, आरोपीचा वकील नसतो, ज्याच्याबद्दल सगळं चाललंय तो माणूस बहुतेक वेळा घरी जेवत असतो आणि त्याला कल्पनाही नसते. आत कोण, तर सरकारी वकील, एका वेळी एक साक्षीदार, लागला तर दुभाषी, आणि बोललेलं टिपून घेणारा कोर्टाचा माणूस. आणि चर्चा करून मत द्यायची वेळ आली की हे सगळे बाहेर, सरकारी वकील सुद्धा, आत फक्त तुमची सून आणि तिच्यासारखेच बाकीचे.

आता शपथ. सुरुवातीच्या दिवशी सगळ्यांना उभं करतात, हात वर, कोर्टाचा माणूस वाचतो आणि हे हो म्हणतात. बायबल लागतंच असं काही नाही, देवाचं नाव न घेता नुसतं प्रतिज्ञेवर घेतलं तरी चालतं, तिकडच्या क्वेकर पंथाच्या लोकांना शपथ घेणंच पाप वाटायचं, त्यांच्यामुळे ही सोय कायद्यात आली. तेव्हा गणपतीची काळजी सोडा. आणि आपल्याकडे तरी काय, कंपनी सरकारच्या कोर्टात हिंदू साक्षीदाराच्या हातात गंगाजल आणि मुसलमानाच्या पुढे कुराण द्यायचे, लोक त्या भीतीनं साक्षीलाच यायचे नाहीत, शेवटी १८४० च्या पाचव्या ॲक्टनं ते बंद करून साधी प्रतिज्ञा आणली. आज आपला १९६९ चा शपथ कायदा पण म्हणतो, ईश्वरसाक्ष म्हणा नाहीतर गांभीर्यपूर्वक म्हणा, तुमची मर्जी. गीतेवर हात वगैरे सगळं पिक्चरवाल्यांचं. आमच्या कोर्टात बेंच क्लार्क ते वाक्य गुजरातीत इतकं भरभर म्हणायचा की देवाचं नाव नेमकं कुठे आलं ते साक्षीदाराला कळायच्या आत उलटतपास सुरू!

सुनेनं जी शपथ घेतली तिचा सांगाडा मात्र खूप जुना आहे, इंग्लंडमधून आलेला, शब्द थोडेफार इकडेतिकडे. त्यात तीन गोष्टी असतात. हेवा, द्वेष किंवा खुनशीपणानं कुणावर आरोप ठेवणार नाही. भीती, मर्जी, माया किंवा बक्षिसाच्या आशेनं कुणाला सोडणार नाही. आणि सरकारची, सोबत्यांची आणि स्वतःची मसलत गुप्त ठेवीन. तुमच्या घरात भांडण या तिसऱ्यावरून चाललंय, पण मला विचाराल तर पहिल्या दोन तिसरीवाचून पाळताच येत नाहीत. नणंदबाईंच्या ओळखीचा मोटेलवाला जर खरंच त्या चौकशीत असेल आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक असेल, तर ती माया आणि मर्जी बाजूला कशी ठेवणार हो? रोज रात्री कुणीतरी फोन करणारच, बिचाऱ्याची दोन लहान पोरं आहेत म्हणून.

नवऱ्याला सुद्धा नाही का? नाही. गुप्ततेच्या नियमात नवरा-बायकोला वेगळी सूट नाहीये, उलट ज्युररना मुद्दाम बजावून सांगतात की घरच्यांना, जवळच्यांना पण नाही. कोण साक्षीला आलं, कुठले कागद दाखवले, कुणाचं नाव निघालं, कोण कुठल्या बाजूनं बोललं, किती मतं पडली, हे काहीच नाही. मतांचा आकडा तर लिहून कोर्टाच्या क्लार्ककडे जमा करतात आणि कोर्टानं सांगितल्याशिवाय तोही उघड करत नाहीत.

आणि एक बारीक गोष्ट आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही म्हणाल की निदान "नाही हो, ते मोटेलचं आमच्याकडे नाहीये" एवढं तरी सांगावं, त्यात कुठलं गुपित फुटलं. पण आज तिनं नाही म्हटलं आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाबद्दल विचारल्यावर ती गप्प बसली, की विचारणाऱ्याला उत्तर मिळालंच की! म्हणून नाही पण म्हणायचं नाही आणि हो पण नाही. त्यातून असं खोदून विचारणारं कुणी भेटलं तर ते तिनं आत फोरपर्सनच्या, म्हणजे ज्युरीच्या प्रमुखाच्या, नाहीतर कोर्टाच्या कानावर घालायचं असतं, म्हणजे विचार करा, नणंदबाईंच्या एका प्रश्नानं सून बिचारी कात्रीत सापडणार, सासरच्या माणसाचं नाव सांगू की शपथ मोडू.

बोलता काय येतं तेही सांगतो, नाहीतर व्हिडिओ कॉलवर दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसाल. ड्युटी आहे, अमुक दिवशी जावं लागतं, पार्किंग मिळालं नाही, डबा नेला होता, खुर्च्या वाईट आहेत, हे सगळं खुशाल. रोजचे ५० डॉलर मिळतात हे पण सांगता येतं. ऑफिसला सांगावंच लागतं आणि त्या कारणावरून नोकरीवरून काढता येत नाही, तसा तिकडे कायदा आहे. मुदत म्हणाल तर फेडरल ग्रँड ज्युरी दीड वर्षापर्यंत चालू शकते, वर कोर्टाला वाटलं तर आणखी सहा महिने, पण गप्प बसायला असली मुदत नाही. ड्युटी संपली, आरोपपत्र पेपरात छापून आलं, तो माणूस तुरुंगात जाऊन आला, तरी आत काय झालं ते तिनं आपणहून सांगायचं नाही. जाणूनबुजून मोडलं तर कोर्टाचा अवमान, दंड नाहीतर जेल. मुलाला म्हणावं, बायको काहीतरी लपवतेय असं डोक्यात घेऊ नकोस, तिच्या जागी जज असता तर त्याच्या घरात पण हेच असतं.

प्रश्न : सर, मी सयाजी विद्यापीठात लॉ करते. ग्रँड ज्युरीसमोर साक्षीदार पण शपथ घेतो, मग तो बाहेर येऊन टीव्हीवर कसा काय बोलतो? त्याला गुप्ततेचा नियम नाही का? आणि आत त्याचा वकील का नसतो? (फतेहगंज)

उत्तर : हा प्रश्न मला आवडला, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. शपथा दोन वेगवेगळ्या आहेत. साक्षीदाराची शपथ खरं बोलण्याची, ती त्याला फोरपर्सन देऊ शकतो, म्हणजे त्या २३ जणांतलाच एक ज्याला कोर्टानं प्रमुख नेमलेला असतो. ज्युररची शपथ गप्प राहण्याची. फेडरल फौजदारी प्रक्रियेचा सहावा नियम वाचून बघ, त्यात गुप्ततेनं बांधलेल्यांची नावंच दिलीयेत : ज्युरर, दुभाषी, टिपून घेणारा, रेकॉर्डिंगवाला, त्यावरून कागद उतरवणारा, सरकारी वकील, आणि ज्यांना कामापुरतं कळवलं ते. आणि वर स्पष्ट म्हटलंय की याशिवाय दुसऱ्या कुणावर गुप्ततेचं बंधन घालायचं नाही. साक्षीदार त्या यादीत नाही. म्हणजे ऐकणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं, बोलणाऱ्यानं नाही. बहुतेक लोकांना बरोबर उलटं वाटतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन. १७ ऑगस्ट १९९८ ला त्यांनी व्हाइट हाउसमधूनच क्लोज्ड सर्किट टीव्हीवरून ग्रँड ज्युरीला साक्ष दिली आणि त्याच रात्री देशाला उद्देशून टीव्हीवर बोलले सुद्धा. त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. विचारणारे, म्हणजे या चौकशीसाठी नेमलेले सरकारी वकील केनेथ स्टार आणि त्यांची माणसं, मात्र बांधलेली, त्यांच्या ऑफिसातून बातम्या फुटतायत म्हणून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पुढे त्या साक्षीची टेप काँग्रेसनं, म्हणजे तिकडच्या संसदेनं, २१ सप्टेंबरला उघड केली आणि जगानं बघितली, पण ते कोर्टाच्या परवानगीनं काँग्रेसकडे गेलेलं मटेरियल होतं, कुणी मागच्या दारानं दिलेलं नाही. आधीचे एक अध्यक्ष निक्सन यांची गोष्ट याच्या उलटी, राजीनाम्यानंतर जून १९७५ मध्ये त्यांनी दिलेली साक्ष बंदच राहिली आणि २०११ मध्ये एका फेडरल जजनं आदेश दिल्यावर लोकांना वाचायला मिळाली, तोवर निक्सन जाऊन पण कितीतरी वर्षं झाली होती.

राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत हे लक्षात ठेव, काही राज्यांत साक्षीदाराला पण गप्प बसवतात. फ्लोरिडात तर असा कायदा होता की साक्षीदारानं स्वतःची साक्ष कधीच कुणाला सांगायची नाही, मरेपर्यंत. एक पेपरचा बातमीदार, ज्याला सरकारी ऑफिसातल्या भानगडींबद्दल साक्षीला बोलावलं होतं, तो कोर्टात गेला की अहो ही माहिती माझीच, मीच शोधलेली, तुमच्यासमोर बोललो म्हणून ती तुमची कशी झाली. बटरवर्थ विरुद्ध स्मिथ, १९९०, सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला : ग्रँड ज्युरीची मुदत संपल्यावर माणसाला त्याच्याच तोंडची गोष्ट सांगायला बंदी घालता येणार नाही. परीक्षेत येवो न येवो, ही केस वाचच, छोटी आहे.

वकिलाचं म्हणशील तर फेडरल ग्रँड ज्युरीत साक्षीदाराचा वकील दाराबाहेर बाकावर बसतो. प्रश्न अवघड आला की साक्षीदार म्हणतो मला वकिलाशी बोलायचंय, उठून बाहेर येतो, कुजबुज करतो, परत आत. आपल्याकडच्या पोरांना हे विनोदी वाटतं. पण आत गेल्यावर खोटं बोललास तर पाच वर्षांपर्यंत जेल, आणि नुसतं बोलायला नकार दिलास तरी सुटका नाही. स्वतःवर बालंट येईल म्हणून गप्प बसायचा हक्क आहे, तो पाचव्या दुरुस्तीतच आहे, पण सरकारनं सांगितलं की तुझे शब्द तुझ्यावरच वापरणार नाही आणि कोर्टानं तसा हुकूम दिला, की मग बोलावंच लागतं. सुझन मॅकडूगल या बाई क्लिंटन यांच्याच जुन्या व्हाइटवॉटर या जमिनीच्या व्यवहाराच्या प्रकरणात तरीही बोलल्या नाहीत, तर १९९६ पासून दीड वर्ष अवमानासाठी आत होत्या. याच्याशेजारी आपलं ठेवून बघ : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली पोलिस जो जबाब घेतात तो शपथेवर नसतो आणि त्यावर सही पण घ्यायची नसते, शपथ येते ती कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर. आपल्या कायद्यानं पोलिसावर मुळात विश्वासच कमी टाकलाय, आणि खरं सांगू का, बरंच केलंय.

प्रश्न : बंद खोलीत, एकतर्फी, कुणाला काही सांगायचं नाही. वकीलसाहेब, हा न्याय म्हणायचा? आपल्याकडे सगळं उघड्या कोर्टात होतं तेच बरं. (रावपुरा, निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, अर्धं पटतं. पण आधी एक गोष्ट ऐका, कारण ही गुप्तता कुठून आली ते बघितलं की चित्र जरा फिरतं.

इंग्लंडमध्ये दुसरा हेन्री राजा असताना, ११६६ मध्ये, गावोगावच्या माणसांनी शपथेवर सांगायचं की आमच्या भागात चोर-दरोडेखोर कोण, अशी पद्धत बसली. तेव्हाचं गुपित राजाच्याच सोयीचं होतं, आरोपीला वास लागला की तो पळणार. मग आलं १६८१ साल. दुसरा चार्ल्स राजा, आणि त्याचा विरोधक लॉर्ड शाफ्ट्सबरी याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवायचा घाट. त्याच वर्षी आधी स्टीफन कॉलेज नावाच्या एका सुतारावर हाच प्रयोग झाला होता, लंडनच्या ग्रँड ज्युरीनं आरोप फेटाळला, तर सरकारनं ते प्रकरण उचलून ऑक्सफर्डला नेलं, तिथल्या ज्युरीकडून हो म्हणवून घेतलं आणि त्याला फाशी दिली. शाफ्ट्सबरीच्या वेळी सरकारनं हट्ट धरला की साक्षीदार भर कोर्टात तपासा, ज्युरीवर नजर ठेवता यावी म्हणून. ज्युरर म्हणाले आम्हाला खासगीत विचारू द्या, आमची शपथच तशी आहे. जजनं ऐकलं नाही. साक्षी उघड्यावर झाल्या, पण विचार करायला ते आत गेले आणि बाहेर येऊन कागदावर लिहून दिलं, इग्नोरेमस, म्हणजे आम्हाला यात काही दिसत नाही. लंडनच्या रस्त्यांवर लोकांनी होळ्या पेटवल्या. उघडेपणा राजाला हवा होता, गुप्तता ज्युरीला, हे तुमच्या हिशेबाच्या उलट आहे की नाही?

अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट आज गुप्ततेची जी कारणं देतं त्यात आरोपी पळू नये हे आहेच, ज्युररवर दबाव येऊ नये, साक्षीदार फोडले जाऊ नयेत, लोकांनी मोकळेपणानं सांगावं, हेही आहे. पण शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं : ज्याची चौकशी झाली आणि काही निघालं नाही, त्याच्या नावाला डाग लागू नये. स्थळाची चौकशी आपण गुपचूप करतो ना, जमलं नाही तर पोरीचं नाव चर्चेत नको म्हणून, तसंच. ग्रँड ज्युरीनं नाही म्हटलं तर शेजाऱ्याला पण कळत नाही की तुमच्यावर कधी काही होतं. आपल्याकडे? एफआयआर झाली की संध्याकाळपर्यंत फोटो व्हॉट्सॲपवर, पोलिसांची पत्रकार परिषद, तोंडावर बुरखा घातलेला माणूस मध्ये उभा, आणि सहा वर्षांनी निर्दोष सुटला तर आतल्या पानावर चार ओळी. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका असं सांगितलं, नाजूक प्रकरणं वगळून, ते आरोपीच्या भल्यासाठीच, त्याला निदान कळावं तरी आपल्यावर काय आहे. ते योग्यच आहे. मला खटकतं ते त्याच्या पुढचं, मिरवणूक काढण्याचं.

आणि उघड्यावर झालं म्हणजे न्याय झाला असं बडोदेकरांनी तरी म्हणू नये. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड महाराजांची चौकशी इथेच झाली, रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात विष घातल्याचा आरोप, सर रिचर्ड काउच अध्यक्ष, मल्हाररावांच्या बाजूनं विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे वकील आलेले, पेपरांचे बातमीदार बसलेले, शब्दन् शब्द छापून येत होता. कमिशनवर सहाजण, तीन इंग्रज आणि तीन आपले, त्यात ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव. तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली, आरोप सिद्ध झाला असं काही म्हणता येईना. तरी सरकारनं कारभार वाईट म्हणून मल्हाररावांना गादीवरून काढलंच. त्यानंतर सयाजीराव आले आणि आपलं भलं झालं हे खरं, पण तो वेगळा विषय.

आता तुमचं अर्धं का पटतं ते. ग्रँड ज्युरीसमोर सरकारी वकील एकटाच बोलतो, बहुतेक वेळा त्याला हवं तेच मिळतं, आणि वर हे गुपित त्याच्याच अब्रूचं पांघरूण होऊन बसतं. केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये ब्रिओना टेलर या तरुणीला पोलिसांनी तिच्या घरात गोळ्या घातल्या, २०२० ची गोष्ट, ग्रँड ज्युरीनं तिच्या मृत्यूसाठी एकाही पोलिसावर आरोप ठेवला नाही आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलनी पत्रकारांना सांगितलं की ज्युरीला पोलिसांचं पटलं. तेव्हा एक ज्युरर नाव न सांगता कोर्टात गेला, म्हणाला मला बोलू द्या. ऑक्टोबरमध्ये जजनं परवानगी दिली आणि मग कळलं की खुनाचे आरोप या ज्युररच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्यापुढे ठेवलेच नव्हते. बघा, शपथ मोडून पेपरवाल्याकडे गेला नाही तो, कोर्टाकडून कुलूप काढून घेतलं. माझं मत असं की हे गुपित चौकशीतल्या माणसासाठी आणि साक्षीदारासाठी, सरकारी वकिलाला लपायला नाही, आणि तो स्वतःच बाहेर येऊन आत काय झालं ते सांगायला लागला तर ज्युररला पण सांगू द्यायला पाहिजे.

प्रश्न : भारतात ग्रँड ज्युरी कधी होती का? (वाडी)

उत्तर : होती, फक्त मुंबई, कलकत्ता, मद्रासमध्ये, इंग्रजांच्या वरच्या कोर्टात. १८२६ च्या कायद्यानं हिंदू-मुसलमानांना साध्या ज्युरीत घेतलं पण ग्रँड ज्युरीत नाही, राममोहन रॉय यांनी त्याविरुद्ध अर्ज केला होता, मग १८३२ मध्ये ते दार उघडलं. १८६५ मध्ये ग्रँड ज्युरीच बंद. साधी ज्युरी नंतरही शंभरेक वर्षं टिकली, १९५९ मधल्या नानावटी खटल्यातली तर सगळ्यांना माहिती आहे. ग्रँड ज्युरी तर खुद्द इंग्लंडनं १९३३ मध्ये जवळजवळ मोडीत काढली.

प्रश्न : माझी बहीण एडिसनला कोर्टात गुजराती-मराठी दुभाषी म्हणून काम करते. ग्रँड ज्युरीचं काम आलंय. तिला पण ही शपथ असते का? साक्षीदार ओळखीचा निघाला तर? (कारेलीबाग)

उत्तर : असते, दोन्ही. जसं बोललं तसंच नीट भाषांतर करीन ही एक, आणि ऐकलेलं बाहेर नेणार नाही ही दुसरी जबाबदारी नियमातच आहे, दुभाषी त्या यादीत वरच आहे. फेडरल ज्युररना इंग्रजी यावंच लागतं, त्यामुळे हिचं काम साक्षीदारापुरतं, तो उठला की ही पण उठली. चर्चेच्या वेळी फक्त ऐकण्या-बोलण्याची अडचण असलेल्या ज्युररचा दुभाषी आत राहू शकतो. काम झाल्यावर वहीत टिपलेले कागद पर्समध्ये घालून घरी आणायचे नाहीत, तिथल्या माणसाला विचारून तिथेच द्यायचे. ओळखीचा माणूस दिसला तर शपथ घ्यायच्या आधी सरकारी वकिलाला सांगून बाजूला व्हावं. तिकडे आपली माणसं इतकी आहेत एकाच भागात, की हे होणारच. आणि साक्षीदार नंतर पटेल स्टोअरमध्ये भेटला आणि त्यानंच विषय काढला तर? तो बोलू शकतो, हिनं मान पण डोलवायची नाही.

प्रश्न : काका, अर्जंट आहे. माझ्या मेहुण्यांच्या दुकानाला तिकडच्या ग्रँड ज्युरीचं समन्स आलं, तीन वर्षांचे हिशेब मागितलेत. त्यांनी घाबरून त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. गुन्हा झाला का? आता सगळे म्हणतायत जुने मेसेज उडवून टाका. (अलकापुरी)

उत्तर : फोटो टाकला हा फेडरल नियमाप्रमाणे गुन्हा नाही, ज्याला समन्स येतं तो त्या यादीत नाही हे वर आलंय. शहाणपणाचं मात्र नाही, कारण ग्रुपमध्ये कोण कुणाला फॉरवर्ड करेल सांगता येत नाही, आणि समन्सवर नुसतं साक्षीदार म्हणून नाव असलं तरी लोक अर्थ तोच काढतात. पण खरी भीती तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. काहीही उडवू नका! मेसेज नाही, बिलं नाही, कॉम्प्युटरवरचा हिशेब नाही, जुन्या वह्या पण नाही. चौकशीत अडथळा यावा म्हणून कागद किंवा रेकॉर्ड नष्ट करणं हा तिकडे वेगळा गुन्हा आहे आणि त्याला वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे मूळ भानगड काहीच नसली तरी माणूस यातच अडकतो. कोण कुणाला काय सांगायचं, साक्षीत काय बोलायचं, याची चर्चा पण ग्रुपवर करू नका, आणि दुकानातल्या नोकराला तर अजिबात पढवू नका. मेहुण्यांना म्हणावं आजच फौजदारी वकील गाठा, आपला नेहमीचा टॅक्स भरणारा नव्हे, फौजदारी. समन्सवर तारीख असते, ती आधी बघा.